फोर-लोची दांडी पहिल्यांदा ओढली : गिरणारेच्या पुढचा एक रविवार

सातपूरकर
सोमवार, रात्री १०.४०

गाडी घेऊन तीन वर्षं झाली. थार, डिझेल, हार्डटॉप, फोर बाय फोर. शोरूममध्ये जास्तीचे पैसे मोजताना बायकोने विचारलं होतं, "हे नक्की कुठे लागणारे? कॉलेज रोडला?" मी पावसाळा, शेत असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. शेत आम्हाला नाही. तीन वर्षांत गिअरशेजारची ती आखूड दांडी (चारही चाकांना ताकद देणारी; फोर-हाय नेहमीच्या वेगाला, फोर-लो अगदी हळू पण जास्त जोर लावायला) मी फक्त फडक्याने पुसली. गाडी बनते आमच्याच नाशकातल्या सातपूरला आणि मी ती चालवली सातपूर ते अंबड, तीही सेकंड शिफ्टला.

काल ती दांडी पहिल्यांदा ओढली. म्हणून हा धागा.

कंपनीतला एक जण फोर बाय फोर क्लबात आहे, दोन वर्षं मागे लागला होता. क्लबचं नाव आणि जागेचा पत्ता देत नाही. मागे एकदा लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि पुढच्या रविवारी तिथे तीस गाड्या आणि एक डीजे पोचला म्हणे. गिरणारेच्या पुढे, वाघेऱ्याच्या अलीकडे, एवढं पुरे. आईचं म्हणणं, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये. मी म्हटलं नवीन कुठे, गाडी तीन वर्षांची आहे. लेक आठवीत. ती पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती.

सकाळी सहाला गंगापूर रोडला जमलो. अकरा गाड्या : चार थार, तीन जिम्नी, दोन जिप्सी, एक गुरखा आणि एका काकांची जुनी जीप, एमएम ५४०, जिचं वय विचारलं की काका तुमचं वय विचारतात. वाटेत मिसळ. (कुठली ते विचारू नका, मिसळीच्या मागच्या धाग्याला शेवटी कुलूप लावावं लागलं होतं.) गिरणारेत टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपमधून वाट काढत पुढे गेलो. कश्यपी धरणाचं पाणी डावी-उजवीकडे दिसत राहिलं, खुरासणी पिवळीधमक फुललेली. मग डांबरी सुटली.

तिथे पाऊण तास नुसतं उभं राहणं. आधी टायरची हवा सोडायची. बत्तीसवरून वीस पीएसआय. पैसे देऊन भरलेली हवा स्वतःच्या हाताने सोडताना जिवावर येतं, पण कारण पटलं : हवा कमी झाली की टायर जमिनीवर जास्त लांब पसरतो, दगडावर आदळण्याऐवजी त्याला मिठी मारतो. त्याहून फार खाली गेलं तर ट्यूबलेस टायर वळणावर रिमवरून सुटू शकतो, म्हणून नवख्यांना वीस. मग सूचना. स्टिअरिंग धरताना अंगठे आत घालायचे नाहीत, वरून ठेवायचे. चाक दगडात अडकून स्टिअरिंगने झटका दिला तर अंगठा जातो. पॉवर स्टिअरिंगमध्ये हे कमी होतं, पण सवय लावा म्हणाले. पुढची गाडी चढ पूर्ण चढेपर्यंत आपण खाली थांबायचं. वळणावर मागची गाडी आरशात दिसली नाही तर तिथेच उभं राहायचं. सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे स्वीप. वॉकीटॉकी लेकीच्या ताब्यात. आमचा नंबर पाच.

आणि मग ती दांडी. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, मधल्या न्यूट्रलमधून ओढत फोर-लोला. तीन वर्षांची गंजलेली दोस्ती, लागेना. क्लबचे मार्शल (वाट दाखवणारे) म्हणाले, दोन फूट पुढे घेऊन परत करा. खालून ठक् असा आवाज आला आणि डॅशवर दिवा लागला. लेक म्हणाली, "मोडलं?"

मोडलं नव्हतं. पहिला उतार मुरमाचा, वरून बघितलं तर पलीकडची जमीनच दिसत नव्हती, फक्त बॉनेट आणि आभाळ. मार्शल खाली उभे राहून हाताने खुणा करत होते. सांगितलेलं असं : पहिला गिअर, क्लच सोडा, ब्रेकवरचा पाय काढा, अ‍ॅक्सिलरेटरवरचाही काढा. म्हणजे दोन्ही पाय रिकामे. गाडी चालवायला शिकल्यापासून पायांना इतकं बेकार कधीच वाटलं नव्हतं. गाडी आपली मुंगीच्या चालीने घरंगळण्याऐवजी *चालत* उतरली. इंजिनच तिला धरून ठेवत होतं. उतारावर ब्रेक दाबला तर चाकं जागच्या जागी अडकतात, गाडी घसरगुंडीसारखी सुटते आणि मग स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही. हे वाचलेलं होतं. पायाला पटायला तो उतार लागला.

पुढे ओहोळ. इथे मला वाटलं होतं की पाणी उडवत, व्हिडिओसारखं. प्रत्यक्षात आधी एक मार्शल काठी घेऊन पँट वर करून ओहोळ पायी ओलांडून गेले आणि परत आले. गुडघ्याच्या जरा खाली पाणी, तळाशी गोटे, उजवीकडे खड्डा, डावी बाजू धरा. ज्या पाण्यातून चालत जायची आपली तयारी नाही त्यात गाडी घालायची नाही, हा त्यांचा नियम. थारचा आकडा ६५० मिलिमीटरचा आहे, पण तो कंपनीचा, संथ पाण्याचा. ओहोळाने तो वाचलेला नसतो. एका लयीत जायचं, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवायचे.

मग ज्याला ते ट्विस्टर म्हणतात ते : एकाआड एक खोल खड्डे, डावीकडे एक, उजवीकडे एक. गाडी तिरकी होऊन एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत. साध्या डिफरन्शिअलचा (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी त्यालाच ताकद जास्त. म्हणजे हवेतलं चाक भिंगरीसारखं फिरतं आणि जमिनीवरचं बघत बसतं. माझ्या गाडीला मागे मेकॅनिकल लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा) आहे हे मला माहितीपत्रकातूनच माहीत. दोन चाकांच्या फिरण्यात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की तो आपोआप लॉक होतो. मी भीतीने पाय काढायचो, फरक पडायच्या आतच गाडी बंद. मार्शल ओरडले, "दाबा! अजून! घाबरू नका!" दाबलं. मागून खटका बसला आणि गाडी कोणीतरी पाठीत हात घालून उचलल्यासारखी बाहेर आली. गुरखावाल्याने दोन्ही डिफरन्शिअल हाताने लॉक केले आणि चहा पीत गेल्यासारखा निघून गेला. जिप्सीवाल्या ताई तर चाक हवेत असताना बाहेर डोकं काढून गप्पा मारत होत्या.

जेवण पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा, एका शेतकऱ्याच्या पडवीत. त्यानंतर चिखलाचा पट्टा, त्यात एक जिम्नी आणि एक थार रुतली, ओढायचा पट्टा लावून बाहेर काढली. वळताना माझ्याकडून एका बांधाचा थोडा भाग खचला, मालकाशी बोलणं झालं. पाचला डांबरीवर, हवा भरून साडेसहाला घरी. दिवसभरात किती किलोमीटर ऑफरोड? मीटरवर नऊ. नऊ किलोमीटरला सात तास.

दोन प्रश्न : १) कालपासून पुढच्या डाव्या चाकातून किर्रर्र आवाज येतोय, ब्रेक दाबला की कधी थांबतो कधी नाही. काय असेल? २) खालून गाडी कशी धुवावी? बायको म्हणते सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धा एकर जमीन आणून टाकलीय.

चहाबाज
सोमवार, रात्री ११.०५

नऊ किलोमीटरला सात तास म्हणजे द्वारका सर्कलची संध्याकाळ. तिथे फोर-लोसुद्धा लागत नाही, हवा आपोआप जाते.

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११.४८

मस्त लिहिलंय. खर्च किती आला ते लिहा ना भो.

सातपूरकर
मंगळवार, सकाळी ७.१५

गाडीमागे बाराशे वर्गणी, त्यात जेवण आणि जागामालकाचे पैसे. डिझेल मात्र रडवतं. फोर-लोमध्ये इंजिन गरगरत असतं आणि गाडी जागेवरच, त्यामुळे किलोमीटरने मोजू नका, तासाने मोजा, ट्रॅक्टरसारखं.

जुनी_जीप
मंगळवार, सकाळी ९.३०

तो ५४० वाला काका मीच. वय पुन्हा विचारू नये.

आधी तुझा किर्रर्र. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा बसलाय, बाकी काही नाही. मोकळ्या जागेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घे, पडतो. नाही पडला तर चाक काढ आणि पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने हलक्या हाताने डिस्कपासून जरा लांब दाब. गॅरेजमध्ये गेलास तर ब्रेक पॅडचा अख्खा सेट बदलून देतील, खडा तसाच राहील.

धुणं : प्रेशरचा फवारा रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारू नको, पात्या वाकतात. आणि रिमच्या *आतल्या* बाजूला वाळलेला चिखल हाताने काढ. तो राहिला तर ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट करत फिरतात. अलाइनमेंटला काही झालेलं नसतं, चाकात पावशेर माती असते.

आता एक गोष्ट तू लिहिली नाहीस ती लिहितो, कारण नवीन पोरं वाचतात. पट्टा लावून ओढलं म्हणालास. तो पट्टा साधा नव्हे, स्नॅच स्ट्रॅप, रबरासारखा ताणला जाणारा. ताण साठवतो आणि झटक्यात सोडतो, म्हणून रुतलेली गाडी बाहेर येते. तोच ताण चुकीच्या ठिकाणी सुटला तर माणूस जातो. पट्टा फक्त चासीला बोल्ट केलेल्या हुकात. ट्रेलर जोडायचा जो गोळा असतो त्याला कधीच नाही. तो तुटला की तोफेतून सुटल्यासारखा मागच्या गाडीच्या काचेतून येतो. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जुनी चादर टाकायची, तुटलाच तर जमिनीकडे जातो. आणि बघे लोक पट्ट्याच्या दीडपट लांब. परवा दोघांना मी हाकललं, त्यांना मोबाइलवर शूटिंग करायचं होतं.

आमच्या वेळी हे काही नव्हतं. पूजो इंजिन, २११२ सीसी, बैलाचा दोर आणि चार माणसं. पुढची चाकं जोडायला खाली उतरून हब हाताने फिरवावे लागत. ते नेहमी चिखलात गेल्यावरच आठवायचं, म्हणजे हब चिखलाखाली.

पुण्याचा_पाहुणा
मंगळवार, दुपारी १.१०

माझ्याकडे ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही आहे, लो रेंज (फोर-लो) नाही. अशा ट्रेलला आणली तर चालेल का? दुसरं, माझा मित्र पावसात फोर-हाय टाकून हायवेला चालवतो, ग्रिप चांगली मिळते म्हणतो. बरोबर आहे का?

गोदाकाठची
मंगळवार, दुपारी २.२५

मी परवा स्वीप होते, जिप्सी. (सातपूरकर, गप्पा मारत नव्हते हो, मागचं चाक कुठे टेकतंय ते बघत होते. गप्पाही मारत होते म्हणा.)

पाहुणे, मित्राला सांगा डांबरीवर नको. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात. तुमच्या ऑल-व्हीलमध्ये हा फरक सामावून घ्यायची सोय असते. आमच्या थार-जिम्नी-जिप्सीत ती नसते, पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो. मातीत चाक जरा घसरून हिशेब मिटवतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण गिअरच्या दात्यांवर. वळताना गाडी अडखळल्यासारखी होते ती त्यामुळेच.

तुमची गाडी : कोरड्या दिवसांत सोप्या वाटेवर चालेल, पण आधी एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसून या. लो रेंज नसली की चढावर वेग घेऊन जावं लागतं, आणि खडकाळ चढावर वेग म्हणजे खालचा पत्रा गेला. आमच्याकडे पहिला नियम आहे, जितकं हळू शक्य तितकं हळू, जितकं जोरात *लागेल* तितकंच जोरात.

आणि चढ अर्ध्यात फसला तर काय, हे सगळ्या नवख्यांना आधी शिकवतो. ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका, स्टिअरिंग सरळ, आल्या वाटेने सरळ मागे. मध्येच गाडी वळवून तोंड खाली करायचा मोह होतो. आडवी झाली की उलटते. आडव्या उतारावर गाडी कलायला लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने, खाली. मन अगदी उलटं सांगतं.

जिप्सीबद्दल एवढंच : टनभर वजन, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). पाठीचं काही खरं नाही, पण चिखलात तरंगते. नवऱ्याने २०१९ मध्ये, आता बंद होतेय म्हणून, घाईने जुनी घेऊन टाकली. तो चालवत नाही. त्याला गाडी लागते.

वनस्पतीवेडा
मंगळवार, रात्री ९.००

वाचायला मजा आली, पण मला यात बसून टाळ्या वाजवता येत नाहीत. मी पंधरा वर्षं अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या बाजूला झाडं बघत फिरतोय. अंजनेरीच्या पठारावर कंदिलपुष्पाची एक जात आहे, तिचं शास्त्रीय नावच अंजनेरीवरून, २००६ मध्ये नोंद झालेली. तिचा कंद जमिनीत असतो. पावसाळ्यात दोन महिने वर येते, बाकी वर्षभर तिथे तुम्हाला नुसता कातळ आणि वाळलेलं गवत दिसतं. "मोकळं रान" म्हणून त्यावरून एक गाडी गेली तर खालचा कंद चेपला जातो आणि कोणाला कळतही नाही. चाकोरी पडली की पुढच्या पावसात तीच पाण्याची वाट होते, मग घळ. कातळावर माती चार बोटं असते, ती जायला दोन पावसाळे पुरतात.

वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय गाडी घालणं गुन्हाही आहे, पण कायद्याचं सोडा. तुमच्या क्लबने जागा निवडताना हे बघितलं होतं का?

गोदाकाठची
मंगळवार, रात्री ९.४०

प्रश्न रास्त आहे. आम्ही पठारांवर जात नाही, वनजमिनीत जात नाही. खासगी जागा, सातबारा बघून, मालकाच्या लेखी संमतीने. वाट आधीच बैलगाडी-ट्रॅक्टरची असेल तीच. मेच्या शेवटापासून आवणी (भाताची लावणी) होईपर्यंत बंद. एक वाट लागोपाठ दोनदा वापरत नाही. हे सगळे क्लब करतात का? नाही. त्या तीस गाड्या आणि डीजे कोणत्याच क्लबचे नव्हते, पण गावाला ते कसं कळणार.

हरसूलचा_पोऱ्या
बुधवार, सकाळी ६.५०

सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचतोय. राग येऊ देऊ नका, पण सातपूरकर साहेब, तुम्ही मिसळीला, हवेला, त्या लॉकरला परिच्छेद दिलेत आणि बांधाला एक ओळ. "थोडा भाग खचला, मालकाशी बोलणं झालं." कोणता मालक? ज्याने जागा भाड्याने दिली तो, की ज्याचा बांध तो?

आमच्या भागात खाचरं (भाताची बांध घातलेली शेतं) पायरीपायरीने असतात. वरच्या खाचराचा बांध फुटला की तिथलं पाणी खालच्यात. वरचा कोरडा, खालचा तुडुंब. आता पितृपक्षात हळवं (लवकर येणारं) भात भरत आलंय आणि गरवं (उशिरा येणारं) निसवतंय, म्हणजे लोंबी बाहेर येतेय. निसवताना पाणी तुटलं तर दाणा पोचट राहतो. बांध आवणीच्या आधी घातलेला असतो, चिखल थापून थापून, त्या दिवसांत मजूर मिळत नाही म्हणून घरातली म्हातारी माणसं घालतात. माझी आजी घालायची.

आणि तो माळ पडीक नसतो हो. ते गवत राखलेलं असतं, दिवाळीनंतर कापतात, गुरांना उन्हाळाभर तेच. गाडीने दाबलेलं गवत विळ्याला येत नाही.

फोर बाय फोरचं वाईट वाटत नाही. आमच्याकडे काळ्या-पिवळ्या जीपड्या वीस-वीस माणसं आणि वर बकऱ्या घेऊन वाघेऱ्याचा घाट चढायच्या, त्याही टू व्हीलमध्ये. त्यांना कोणी ट्रेल म्हटलं नाही.

चहाबाज
बुधवार, सकाळी ९.१०

शेवटच्या ओळीला सलाम. मी आज विनोद करत नाही.

सातपूरकर
बुधवार, रात्री १०.१५

पोऱ्या, बरोबर धरलंस. मी ती ओळ पटकन लिहून पुढे गेलो, मुद्दाम. आता नीट लिहितो.

दुपारची वेळ, पोटात पिठलं-भाकरी, आणि ट्विस्टर पार केल्याने अंगात आलेलं. चिखलाच्या पट्ट्याजवळ वळायचं होतं. मार्शल रुतलेल्या जिम्नीपाशी होते. सूचना होती, मार्शलशिवाय रिव्हर्स नाही. मला वाटलं एवढं काय, कॅमेरा आहे. कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल. मागचं उजवं चाक काहीतरी मऊ चढलं आणि बसलं. उतरून बघितलं तर बांधात हातभर रुंद खाच आणि वरच्या खाचरातून पाणी लागलेलं, दिसायला बारीक, पण थांबेना. लेकीने वॉकीटॉकी दाबला आणि सगळ्या ताफ्याला सांगितलं, "पाच नंबर. बाबांनी बांध तोडला."

अकरा गाड्यांतून लोक धावले. दगड, गवताच्या पेंढ्या, हाताने चिखल, पंधरा मिनिटांत पाणी तात्पुरतं अडवलं. क्लबचे सेक्रेटरी जागामालकाशी बोलले, त्याने "होऊन जाईल" म्हटलं. पण तू विचारलंस तेच, खाचर त्याचं नव्हतं. शेजारच्याचं. तो त्या दिवशी गावात नव्हता. पैसे जागामालकाकडे ठेवून आम्ही निघालो. "बोलणं झालं" ते एवढंच. माझ्या तोंडून त्या माणसाशी एक शब्द झालेला नाही.

त्या दिवशीचा माझा एकच भाग असा आहे जो मी हळू केला नाही.

जुनी_जीप
गुरुवार, सकाळी ८.००

शनिवारी मी मोकळा आहे. फावडं-घमेलं माझ्याकडे आहे. तुझी गाडी डांबरीवरच ठेवायची, पुढे चालत.

हरसूलचा_पोऱ्या
गुरुवार, सकाळी ८.२०

नुसती माती टाकू नका, पहिल्याच पाण्याला जाईल. कडेची जुनी माती ओली करून पायाने तुडवा, मग गवताचा थर, मग चिखल, वरून फावड्याच्या पाठीने थापा. मालक दाखवतील तसंच करा. आणि खाचरात पाय घालण्याआधी विचारा.

रात्रपाळी
गुरुवार, दुपारी ४.००

मधेच विचारतो, इन्शुरन्स यात चालतो का? ओहोळात इंजिनात पाणी गेलं तर?

गोदाकाठची
गुरुवार, संध्याकाळी ६.३०

पॉलिसीवर "वापराच्या मर्यादा" अशी ओळ असते ती वाचा : संघटित रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल वगळलेलं असतं. आमचं रेसिंग नाही, तरी वाद होऊ शकतो. इंजिनात पाणी हे वेगळं प्रकरण. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ते धरत नाहीत, इंजिनचं वेगळं अ‍ॅड-ऑन लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, हे अ‍ॅड-ऑनपेक्षा स्वस्त. ओढून बाहेर काढा.

आणि खोल पाण्यातून आलात तर डिफरन्शिअलचं ऑइल बघा. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (अ‍ॅक्सलच्या हवेच्या नळीतून) पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर बदला.

सातपूरकर
शनिवार, रात्री ९.२०

जाऊन आलो. मी, काका आणि लेक. (वनस्पतीवेडा, तुमचा निरोप मिळाला. पुढच्या जागेची पाहणी क्लब तुमच्यासोबत करायला तयार आहे, गोदाकाठची तुम्हाला फोन करतील.)

मालक साठीपुढचे. ते ओरडतील याची तयारी करून गेलो होतो. त्यांनी आमची तात्पुरती डागडुजी बघितली आणि ती सगळी फावड्याने काढून टाकली. मग पोऱ्याने लिहिलं होतं तसंच, अगदी त्याच क्रमाने. मी चिखल तुडवला, काकांनी गवत दिलं, थापणं त्यांनी आम्हाला करू दिलं नाही. दीड तास. ठेवलेले पैसे त्यांना मिळाले होते. किती मिळाले विचारलं तर आकडा आमच्या आकड्यापेक्षा कमी निघाला. त्याचं काय करायचं ते सेक्रेटरी बघताहेत, इथे लिहीत नाही. वरच्या खाचराचं पाणी दोन दिवस उतरलं होतं, मग मंगळवारी पाऊस आला. भात कसं भरलं ते कापणीलाच कळेल म्हणाले. कापणीला येतो म्हटलं. "या की. विळा धरता येतो का?" नाही येत.

निघताना डांबरीपर्यंत आले, थार बघायला. एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, टायरवर हात ठेवला. विचारलं, "किती ओढते?" मी न्यूटन-मीटर सांगणार होतो. काका म्हणाले, "दोन बैलजोड्या धरा." त्यांना पटलं असावं. किंमत ऐकून मात्र लेकीकडे बघून हसले.

येताना गिरणारेच्या अलीकडे मोकळी जागा बघून दहा मीटर रिव्हर्स घेतली. या वेळी लेक खाली उतरून मागे उभी होती, हात वर करून, मार्शलसारखी. टप् असं काहीतरी पडलं. खडाच होता. तुरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा.